नक्कल, मालक आणि भाडेकरू

कोणतेही नवे साधन समाजात आले की त्याविषयीचे मत आधी तयार होते आणि माहिती मागाहून येते. आगगाडी, तारायंत्र, बोलपट यांच्या बाबतीत हेच घडले आणि संगणकाच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. नवा संगणक घ्यावा की जुन्यालाच जादा मेमरी बसवावी, अमुक कंपनीचे यंत्र चांगले की तमुक कंपनीचे, एखादा चित्रपट मित्राकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतला तर त्यात वावगे काय, असल्या प्रश्नांवर चहाच्या दुकानापासून दिवाणखान्यापर्यंत कोणीही ठाम मत देऊ शकतो. मत देण्याला हरकत नाही. परंतु ज्या मतामागे इतिहास नसतो ते मत बहुधा दुसऱ्या कोणीतरी आपल्या सोयीसाठी तयार केलेले असते आणि आपण ते नुसते उच्चारीत असतो.

यांतील शेवटचा प्रश्न, म्हणजे संगणकावरील फायलींच्या आपापसातील देवाणघेवाणीचा प्रश्न, येथे विचारासाठी घेतला आहे. त्याविषयी दोनच मते वारंवार ऐकू येतात. एक असे की, ही सरळ चोरी आहे. दुकानातून वस्तू उचलणे आणि न विकत घेतलेले गाणे उतरवून घेणे यांत काडीचाही फरक नाही. दुसरे मत असे की, चोरीत मालकाची वस्तू जाते. येथे मालकाची वस्तू मालकाकडेच राहते आणि आपल्याकडे तिची फक्त प्रत येते, मग कोणाचे काय गेले? दोन्ही मते ऐकताना पटतात, हीच यातली खरी अडचण आहे. गेल्या पन्नास वर्षांत या दोन मतांचे जे भांडण झाले त्याचा इतिहास पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दोन्ही पक्ष नकलेवरून भांडत राहिले आणि त्या भांडणाच्या गर्दीत मालकी ही तिसरीच गोष्ट सामान्य माणसाच्या हातून निघून गेली. ती कशी गेली, हे पाहावयाचे आहे.

पोथी, छापखाना आणि संगणक

नक्कल ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. छापखान्यापूर्वी ग्रंथ टिकत ते नकलेनेच. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि तिची एकनाथांनी सिद्ध केलेली शुद्ध प्रत शके १५०६ ची, म्हणजे इ. स. १५८४ ची. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत हातोहात नकला होत राहिल्या म्हणून ग्रंथ जगला. आणि नकला होत राहिल्या म्हणूनच त्यात इतके पाठभेद शिरले की नाथांना संशोधनाचे श्रम घ्यावे लागले. हाताच्या नकलेला अशा दोन स्वाभाविक मर्यादा होत्या. तिला कष्ट पडत, आणि प्रत्येक नकलेत मूळ थोडेसे बिघडे.

छापखान्याने कष्ट कमी केले, पण भांडवल वाढवले. इंग्लंडात १७१० साली राणी ॲनच्या कारकिर्दीत जो कायदा झाला, त्याने नव्या ग्रंथाच्या कर्त्याला १४ वर्षांचा हक्क दिला आणि ती मुदत संपताना तो हयात असल्यास आणखी १४ वर्षांचा. हा कायदा अंमलात आणता आला याचे कारण छापखाने मोजके होते. खिळे, यंत्र, कागद, कामगार हा पसारा लपवता येत नाही. कायद्याला वाचकाच्या घरात शिरण्याची गरज नव्हती. छापणाऱ्याच्या दाराशी उभे राहिले की काम भागे. कॉपीराइटची, म्हणजे स्वामित्वहक्काची, सारी इमारत या एका गोष्टीवर उभी होती की नक्कल करणे अवघड आहे.

संगणकाने हा पायाच काढून घेतला. या यंत्रात नक्कल हा अपवाद नसून तो त्याचा श्वासोच्छ्वास आहे. तबकडीवरील आज्ञावली चालवावयाची तर प्रथम तिची प्रत मेमरीत उतरावी लागते. दूरच्या यंत्रावरील पान वाचावयाचे तर त्याची प्रत आपल्या यंत्रात यावी लागते. नक्कल केल्यावाचून हे यंत्र वाचूच शकत नाही. शिवाय ही नक्कल तंतोतंत असते. हजाराव्या नकलेची प्रत मुळाइतकीच शुद्ध निघते. म्हणजे पोथीच्या दोन्ही मर्यादा, कष्ट आणि बिघाड, एकदमच नाहीशा झाल्या. पुढे जे वादळ उठले त्याचे मूळ माणसाच्या नीतीत शोधण्याआधी यंत्राच्या या स्वभावात शोधले पाहिजे.

मेनलो पार्कचे गॅरेज

या यंत्राचा घरगुती अवतार अमेरिकेत १९७५ साली प्रकट झाला. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राचे चित्र आले. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्क गावच्या ‘मिट्स’ नावाच्या लहानशा कंपनीचे हे यंत्र सुट्या भागांत, चारशे डॉलरांच्या आसपास मिळे आणि घेणाऱ्याने ते घरी डाग देऊन जोडावयाचे असे. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. पुढच्या बाजूस खटके आणि लाल दिवे होते. मूळ संचातील मेमरी २५६ बाइटची, म्हणजे इंग्रजीच्या चार ओळी मावतील एवढी. एवढ्याशा यंत्रासाठी लोकांनी मागण्यांचा पाऊस पाडला, कारण संगणक स्वतःचा असू शकतो ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात अशा हौशी मंडळींची पहिली बैठक झाली. तिचे पुढे ‘होमब्रू कॉम्प्यूटर क्लब’ झाले. या मंडळात आपली युक्ती झाकून ठेवणे हे कोतेपणाचे मानले जाई. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने अल्टेअरशेजारी रेडिओ ठेवला, यंत्राच्या विद्युत्स्पंदनांची खरखर त्यात उमटते हे हेरले आणि त्या खरखरीतून बीटल्सचे एक गाणे वाजवून दाखवले. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे या मंडळात फुकट वाटले; त्याच यंत्रातून १९७६ साली ॲपल कंपनी जन्मास आली. पुढे अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या एका धंद्याचे बाळंतपण अशा देण्याघेण्याच्या वातावरणात झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु याच वातावरणात पहिला तंटा निर्माण झाला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी, माँटी डेव्हिडॉफ यांच्या मदतीने, अल्टेअरसाठी ‘बेसिक’ या भाषेची आज्ञावली लिहिली. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. १९७५ च्या उन्हाळ्यात मिट्सची प्रदर्शन-गाडी पालो आल्टोला आली असता अशी एक फीत कोणाच्या तरी हाती लागली, तिच्या अनेक प्रती निघाल्या आणि त्या होमब्रूच्या बैठकीत वाटल्या गेल्या. एक प्रत नेणाऱ्याने पुढच्या वेळी दोन आणाव्यात, असा दंडक होता असे सांगतात.

यात यंत्रसामग्रीचाही एक धागा आहे, जो नीतीच्या चर्चेत सहसा सुटतो. मिट्सने बेसिकची किंमत अशी लावली होती की कंपनीचे मेमरी-बोर्ड सोबत घेतले तर ती स्वस्त पडे. सुटी घेतली तर किंमत दुपटीहून अधिक होई. आणि कंपनीचे ते मेमरी-बोर्ड धड चालत नव्हते. चालणारे बोर्ड दुसऱ्यांकडे मिळत होते. तेव्हा ग्राहकाने बोर्ड दुसऱ्याकडून घेतले आणि फीत मित्राकडून. वाईट माल चांगल्या मालाच्या गळ्यात बांधून विकण्याची युक्ती व्यापाऱ्याच्या अंगाशी येते, ती अशी.

तक्रारीचे पत्र आणि त्याची उत्तरे

३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. त्यातला मुद्दा साधा आणि कळकळीचा होता. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी शेकडा दहापेक्षाही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे. मिळालेल्या मोबदल्याचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडले नाहीत. यंत्राला पैसे मोजावयाचे आणि आज्ञावली मात्र वाटून घ्यावयाची हा कुठला न्याय. अशाने चांगले काम करील कोण? आज्ञावली तयार करण्यात चाळीस हजार डॉलरांहून अधिक किमतीचा संगणक-वेळ खर्ची पडला, असेही त्यांनी लिहिले होते. यावर टीकाकारांनी लगेच बोट ठेवले, कारण तो वेळ हार्वर्ड विद्यापीठाच्या यंत्रावरचा होता आणि ते यंत्र सरकारी संरक्षणखात्याच्या पैशावर चाललेले होते. सार्वजनिक पैशाने चाललेल्या यंत्रावर केलेले काम खाजगी मालकीचे कसे, हा प्रश्न तेव्हाही उत्तराशिवाय राहिला.

शिव्याशापांची पत्रे पुष्कळ आली असतील, परंतु इतिहासाच्या दृष्टीने दोन उत्तरे मोलाची ठरली. पहिले उत्तर किमतीचे होते. टॉम पिटमन यांनी ‘टायनी बेसिक’ची आपली आवृत्ती अवघ्या पाच डॉलरांना विकावयास काढली. या चळवळीचे मुखपत्र असलेल्या ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’चे संपादक जिम वॉरन यांनी त्यातले मर्म सांगितले. आज्ञावली फुकट असली किंवा इतकी स्वस्त असली की नक्कल करण्यापेक्षा पैसे देणेच सोपे पडावे, तर तिची चोरी होणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. हे वाक्य लिहिले गेले १९७६ साली. ते सबंध धंद्याच्या गळी उतरावयास पुढे सत्तावीस वर्षे लागली.

दुसरे उत्तर हक्काचेच रूप पालटणारे होते. त्याच वर्षी ली-चेन वांग यांनी आपल्या टायनी बेसिकवर कॉपीराइटऐवजी थट्टेने ‘कॉपीलेफ्ट’ असा शिक्का मारला. थट्टेतला हा शब्द पुढे रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीत गंभीर झाला. त्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली असा परवाना सिद्ध केला की त्याखालील आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी; मात्र पुढे देताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ‘लिनक्स’ याच परवान्याखाली वाढली आणि आज जगातील फार मोठी यंत्रणा तिच्यावर चालते. वाटून घेणे म्हणजे बुडवणे, हे समीकरण खोटे पाडणारा याहून मोठा पुरावा नाही.

तारेवरून आलेले गाणे

आतापर्यंतची नक्कल हातातून हातात जात होती. ती तारेवरून जाऊ लागली ती १९७८ साली. शिकागोत हिमवादळाने लोक घरात कोंडले गेले असता वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी एक संगणकीय सूचनाफलक तयार केला आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो खुला केला. दूरध्वनी लावावा, निरोप वाचावा, आपला निरोप लिहावा, अशी ती सोय. क्रिस्टेन्सन यांनीच १९७७ साली फाइल पाठवण्याची एक रीत बसवली होती. फायलीचे १२८ बाइटचे तुकडे करावयाचे, प्रत्येकासोबत त्याच्या बेरजेचा एक आकडा पाठवावयाचा आणि पलीकडे बेरीज जुळली नाही तर तो तुकडा पुन्हा मागवावयाचा. तारेवरच्या खरखरीतूनही प्रत शुद्ध पोहोचू लागली ती या साध्या युक्तीने.

तरीही वीस वर्षे संगीताचा धंदा निर्धास्त होता, कारण गाण्याचा आकार फार मोठा होता. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाहिन्यांवर नोंदलेले असतात. हिशेब केला तर एका मिनिटाला दहा मेगाबाइटांहून अधिक जागा लागते आणि चार मिनिटांचे गाणे चाळीस मेगाबाइटांच्या पुढे जाते. सेकंदाला तीस अक्षरे नेणाऱ्या जुन्या तारेवरून असे एक गाणे आणावयाचे तर दोन आठवडे लागले असते.

ही भिंत जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी पाडली. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यांतले प्रमुख. त्यांनी यंत्राऐवजी मानवी कानाचा अभ्यास केला. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो नोंदवून ठेवण्याची गरज काय? असे न ऐकू येणारे गाळीत गेल्यावर गाणे जवळजवळ अकराव्या हिश्शावर आले. याच पद्धतीला एमपी३ म्हणतात; फायलीला हे नाव १९९५ साली मिळाले. चाळीसचे चार मेगाबाइट झाले आणि घरच्या टेलिफोनच्या तारेवरून गाणे दहा-पंधरा मिनिटांत येऊ लागले.

नॅपस्टर आणि त्याचे वारस

जून १९९९ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने ‘नॅपस्टर’ सुरू केले. त्याची रचना आपल्या वधूवरसूचक मंडळासारखी होती. मंडळाकडे वधूही नसते आणि वरही नसतो. असते ती फक्त पत्त्यांची वही. नॅपस्टरकडे गाणी नव्हती. कोणाच्या यंत्रावर कोणते गाणे आहे याची यादी होती. गाणे जाई ते थेट एका घरातून दुसऱ्या घरात. दोन वर्षांच्या आत या मंडळाला दोन कोटींहून अधिक लोक येऊन मिळाले.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या संघाने डिसेंबर १९९९ मध्ये दावा लावला. ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाने मे २००० मध्ये आपली गाणी वाटणाऱ्या ३,३५,००० हून अधिक सभासदनामांची यादी कागदांच्या खोक्यांतून नॅपस्टरच्या कचेरीत नेऊन दिली. आपल्याच श्रोत्यांवर फिर्याद करणारा कलावंत हे दृश्य लोकांना विचित्र वाटले. पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांचे एक गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच बाहेर फुटले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल नॅपस्टरविरुद्ध गेला आणि जुलै २००१ मध्ये ते बंद पडले.

नॅपस्टर हरले ते त्याला केंद्र होते म्हणून. पत्त्यांची वही जप्त करता येत होती. मग पुढच्यांनी वहीच ठेवली नाही. मार्च २००० मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ‘ग्नुटेला’ बाहेर सोडली. त्यांच्या मालक-कंपनीने ती दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावयास लावली, परंतु एका दिवसात ती जगभर पसरली होती. तीत यादी नव्हती. मागणी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाई. त्यानंतर २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरेंट’ आणले. त्याची तुलना आपल्या खेड्यातील इर्जिकीशी करता येईल. इर्जिकीत जो आपला बैल दुसऱ्याच्या शेतात घालतो त्याच्या शेतात दुसऱ्यांचे बैल येतात. बिटटोरेंटमध्ये फायलीचे तुकडे होतात; ज्याला जो तुकडा मिळाला तो तो दुसऱ्याला देऊ लागतो आणि जो देतो त्यालाच वेगाने मिळते. एरवी मागणारे वाढले की देणाऱ्याची दमछाक होते. येथे मागणारे वाढले की वेग वाढतो. ही रीत चित्रपटांच्या चोरट्या प्रतींसाठी वापरली गेली हे खरे, आणि लिनक्ससारख्या मुक्त आज्ञावल्यांच्या वाटपासाठी वापरली गेली हेही तितकेच खरे.

या ठिकाणी न्यायालयापुढे मोठा पेच उभा राहिला. १९८४ साली सोनी कंपनीच्या व्हिडिओ-यंत्राच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले होते की, ज्या यंत्राचा पुरेसा सरळ उपयोग आहे ते विकणाऱ्याला ग्राहकाच्या वाकड्या उपयोगाबद्दल जबाबदार धरता येत नाही. हा निकाल उलट गेला असता तर नक्कल करू शकणारे प्रत्येक यंत्र, म्हणजे संगणकसुद्धा, संशयाच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते. २००५ साली ग्रॉक्स्टरच्या खटल्यात त्याच न्यायालयाने यंत्र आणि हेतू वेगळे काढले. साधन निर्दोष असेल, पण हक्कभंग करा असे सांगून जो ते खपवतो तो दोषी, असा तो एकमुखी निकाल होता. हा भेद विवेकाचा होता.

कंपन्यांना मात्र तेवढ्याने समाधान नव्हते. ८ सप्टेंबर २००३ रोजी त्यांनी २६१ सामान्य माणसांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगीही सापडली. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. मिनेसोटातील एका बाईला २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलर दंड झाला, पुढे फेरसुनावणीत तो एकोणीस लाखांवर गेला आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर २०१२ साली पुन्हा मूळ आकड्यावर आला. २००८ साली हे सत्र थांबवण्यात आले, तोवर हजारो कुटुंबांना नोटिसा गेल्या होत्या. ज्या कायद्याला १७१० साली वाचकाच्या घरात शिरावे लागत नव्हते, तो आता घराघरांत शिरला होता. आणि तरीही नक्कल थांबली नव्हती.

मालकाचा भाडेकरू

मग ती कमी कशाने झाली? ज्या दिवशी वॉरनचे वाक्य धंद्याला कळले त्या दिवसापासून. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने गाण्यांचे दुकान उघडले. एक गाणे, नव्व्याण्णव सेंट, क्षणात मिळणारे. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली, आणि तीही जी फुकट मिळत होती तीच. माणूस फुकट्या असतो त्यापेक्षा सोयीचा भुकेला अधिक असतो. पुढे २००८ साली स्वीडनमध्ये ‘स्पॉटिफाय’ सुरू झाले. गाणे विकत घेण्याऐवजी महिन्याचे भाडे भरून, किंवा जाहिराती ऐकून, हवे ते ऐकावे अशी ही रीत. २०१६ साली अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग या वाटेने येऊ लागला.

येथवर ही कथा गोड शेवटाची वाटते. परंतु या सौद्यात सामान्य माणसाने एक गोष्ट देऊन टाकली, ती कोणाच्या ध्यानात आली नाही. तबकडी त्याच्या मालकीची होती. ती त्याला मित्राला देता येई, विकता येई, नातवासाठी ठेवता येई. भाड्याच्या गाण्यात यांतले काहीच नाही. भाडे थांबले की संग्रह संपला. विकत घेतलेल्या वस्तूचीही खात्री राहिली नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या ‘किंडल’ या वाचनयंत्रांवरून, विकलेल्या पुस्तकांच्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्याला त्यांचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. पण ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेल यांची होती आणि त्यांत ‘१९८४’ ही कादंबरी होती, जीत राज्यसत्ता नको असलेले कागद नष्ट करीत असते. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली. छापील पुस्तक विकल्यावर दुकानदार रात्री आपल्या कपाटातून ते काढून नेऊ शकत नाही. या पुस्तकाच्या बाबतीत तो ते करू शकला.

आपल्याकडील हिशेब

आपल्या देशात स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’ मानली गेली, आणि १९९४ च्या दुरुस्तीने चोरटी आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आली. कायदा कडक, व्यवहार मात्र निराळा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेण्याचा जो काळ होता, त्या काळात यंत्राचा पै-पैचा हिशेब होई आणि आज्ञावली ‘टाकून’ मिळे. गेट्स यांनी १९७६ साली जी तक्रार केली होती तीच ही रीत. गंमत अशी की १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील एका कार्यक्रमात चीनविषयी बोलताना त्याच गेट्स यांनी, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचीच चोरावी, म्हणजे सवय लागेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. चोरीचे पाप काळ आणि बाजार पाहून कमीजास्त होते, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

मराठीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक होता. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी टंकाची सांकेतिक रचना वेगळी होती. मजकुराची फाइल पाठवली आणि पलीकडे तोच टंक नसला, तर पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. साहजिकच फायलीबरोबर टंकही पाठवला जाई. लेखक, अक्षरजुळणीकार आणि छापखाना हे तिघेही त्यात सामील असत आणि कोणालाही आपण चोर आहोत असे वाटत नसे. दुसरीकडे, टंक घडवणाऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाला मोल मिळत नसे, हेही नाकारता येत नाही. हा पेच सुटला तो शिक्षेने नव्हे. युनिकोडमुळे संकेत एक झाला आणि मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या मंडळींचे ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे टंक खुल्या परवान्याखाली सर्वांना मिळू लागले.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. संगीत नाटकांच्या वैभवकाळातील तबकड्या, बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसह, ध्वनिमुद्रणापुरत्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. पदे लिहिणाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तेवढे मात्र वेगळे पाहावे लागते. खाडिलकर १९४८ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या पदांची मुदतही उलटली आहे. असा ठेवा वाटून घेणे ही चोरी नव्हे. तो आपल्या वडिलार्जित मिळकतीचा उपभोग आहे, आणि लाखेच्या तबकड्या फुटण्यापूर्वी तो केला पाहिजे.

आता सुरुवातीच्या दोन मतांकडे परत येऊ. ‘ही सरळ चोरी आहे’ हे मत पुरे नाही. ज्या गॅरेजात वाटून घेण्याची रीत होती तेथूनच हा धंदा वाढला, आणि मोकळ्या परवान्याने उभे केलेले काम आज सगळे जग वापरते. ‘कोणाचे काय गेले’ हे मतही पुरे नाही. मेहनत करणाऱ्याच्या ताटातले गेले. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न १९९९ नंतरच्या पंधरा वर्षांत निम्म्यावर आले आणि ‘टॉवर रेकॉर्ड्स’सारखी नामांकित दुकाने २००६ साली बंद झाली. त्याला कारणे अनेक असली तरी नक्कल हे त्यांतले एक होतेच.

यातून एक व्यावहारिक भेद हाती लागतो. जे मोकळे आहे ते निर्धास्तपणे घ्यावे आणि दुसऱ्याला द्यावे. ज्याचा कर्ता हयात आहे आणि मोल मागतो आहे, त्याला ते द्यावे. भाव अवाजवी वाटला तर तसे उघड बोलावे, कारण भाव उतरवण्याचे काम इतिहासात ग्राहकांच्या बोलण्यानेही झाले आहे. आणि जे भाड्याचे आहे ते भाड्याचे आहे हे ओळखून, ज्याच्यावाचून आपले चालणार नाही अशा गोष्टीची एक प्रत स्वतःच्या मालकीची, स्वतःच्या कपाटात वा स्वतःच्या तबकडीवर ठेवावी. ज्ञानेश्वरी तीनशे वर्षे टिकली ती कोणा एकाच्या कोठारात राहून नव्हे. ती घरोघरच्या पोथ्यांत होती, म्हणून नाथांना शुद्ध करावयास ग्रंथ शिल्लक होता.